मुखवट्याची आतली बाजू

‘देणगीदार घराण्याच्या देवघरात पाच पिढ्या पूजलेला मुखवटा.’ विद्यापीठाच्या संग्रहालयातील फलकावरचे हे वाक्य निर्दोष होते. फक्त खरे नव्हते. ते संग्रहालयप्रमुख मृणालिनीबाईंनीच लिहिले होते.

उद्घाटनाला मोखाड्याहून आलेल्या लहानू वारघड्यांनी मुखवटा खिळ्यावरून उतरवून उलटा केला. आत घामाने काळवंडलेले फडके होते.

“देवघरातल्या देवाला घाम येतो का, बाई? हे माझ्या आईचं लुगडं. मुखवटा रंगवून देतो म्हणून या अप्पासाहेबांनी नेला. तीन वर्षं गावच्या बोहाड्याच्या उत्सवात आमची देवी नाचली नाही.”

देणगीदार अप्पासाहेब हसले. “बाई, समजवा यांना. अभ्यास तुमचा.”

बोहाड्यातल्या मुखवटे घालून होणाऱ्या नाचावरच प्रबंध लिहिलेल्या मृणालिनीबाईंची मान खाली गेली. “फडकं मी पहिल्याच दिवशी पाहिलं, बाबा. दालन यांच्या देणगीतून उभं राहत होतं, म्हणून ती बाजू मीच भिंतीला लावली.”