मागे धरलेला हात

स्टुलावर चहाचा कप ठेवून आमिनानं डोळ्यांवर तो काळा डबा बांधला आणि ती खोलीत गोल फिरू लागली. नबी खाटेवर उठून बसला. डबा त्यांच्या मुलानं, तनवीरनं, अकोल्याच्या टूरवाल्याकडून आणला होता. तो घातला की म्हणे माणूस थेट मक्केत उभा राहतो. समोर काबा, चहूकडे गर्दी. उमऱ्याच्या यात्रेला निघण्याआधी वाटा पाठ व्हाव्यात, म्हणून हा सराव.

नबीला यातलं काडीचंही पटत नव्हतं. दोन हंगाम बोंडअळीनं कापूस खाल्ला, तशी तनवीरच्या बियाण्यांच्या दुकानाची रया गेली. अंजनगावात नवी गादी कोणी भरून घेईना, म्हणून नबीची गाद्या शिवायची सुईही पडून होती; निदान तो सगळ्यांना तसंच सांगायचा. अशात दोघांना मक्केला पाठवायचं बळ पोराकडे कुठलं? घरबसल्या मक्का दाखवून आईची बोळवण करायची, दुसरं काय. आमिनाही त्यात सामील असावी. मायलेक कुजबुजायचे आणि नबी आला की गप्प व्हायचे. तुम्हीही घालून बघा, असं त्याला एकदाही कोणी म्हटलं नव्हतं. ते त्याला फार झोंबलं होतं.

या बाईनं आयुष्यभरात मक्केशिवाय काही मागितलं नव्हतं. तिचीच अशी फसवणूक व्हावी, हे त्याला सहन होईना.

आज आणखी एक गोष्ट खटकली. खाटेजवळून जाताना आमिनाची मूठ त्याच्या खांद्याला घासली. हात मागे ताणलेला, मूठ घट्ट मिटलेली. कोणाला तरी ओढत नेत असल्यासारखी ती मधेच थांबायची, मागे वळून हळूच काही बोलायची.

"कोनाले घेऊन फिरून राहिली तू?" त्यानं दरडावून विचारलं.

आमिनानं डबा काढला.

"तुमाले," ती म्हणाली. "टिकटं दोघाईची हायेत. पन तिथं गर्दी लई. हात सुटला तं मले तुमी दिसान, तुमाले मी नाही दिसनार."

आपली नजर गेल्याचं घरात कोणाला ठाऊक नाही, असं नबी दोन वर्षं समजत होता. त्यानं चहासाठी हात लांबवला. कप आजही, रोजच्यासारखा, त्याचा हात पडेल तिथंच ठेवलेला होता.