तीनशे जीबी

पंपांच्या कारखान्यातल्या ऐंशी कॉम्प्युटरवर कोणाच्या फोल्डरने किती जागा खाल्लीय, याची यादी आयटीतल्या हेरंबने आपल्या खुर्चीत बसूनच काढली. त्या सगळ्याची प्रत ठेवणारा सर्व्हर भरत आला होता, आणि शनिवारपर्यंत जागा करून देणं त्याच्या गळ्यात पडलं होतं. यादीत सगळ्यात वर स्टोअरच्या गव्हाणकर मॅडम, एकट्यांचे तीनशे जीबी. सिनेमे भरले असणार, असं म्हणत तो तावातावाने खाली उतरला.

सिनेमा एकही नव्हता. बारा वर्षांत आलेल्या मालाच्या प्रत्येक चलनाचा फोटो मात्र होता, तोही दोनदोनदा.

“मॅडम, जुनं काही काढून टाकायचं नसतं का?”

मॅडमनी भिंतीवरचा पिवळा पडलेला कागद दाखवला. ‘मला विचारल्याशिवाय काहीही डिलीट करू नये.’ खाली हेरंबचीच सही, नोकरीच्या पहिल्या आठवड्यातली, ऐटदार.

“मग विचारायचं होतं,” तो ओशाळून म्हणाला.

“तीनदा आले होते. तुम्ही म्हणालात, कामात आहे, नंतर या.”

हेरंबने खुर्ची ओढून घेतली. मॅडमनी बारा वर्षांपूर्वीची पहिली फाइल उघडली, चष्मा नीट केला आणि शांतपणे विचारलं, “ही डिलीट करू?”