दलदलीचा रोजचा आकडा

"एकतीस," मास्तर म्हणाले.

"एकतीस," कारकुनाने लिहून घेतलं. "कालच्यापेक्षा एकाने खाली."

"ऊन आहे ना साहेब. पण बगळे भरपूर आलेत. पहाटेपासून नुसती सभा भरलीय."

"ठराव काय पास झाला?"

"कसला ठराव! अजून अध्यक्षच मिळेना."

सात वाजून दहा मिनिटांनी मास्तरांचा फोन येई आणि सात वाजून तेरा मिनिटांनी संपे. अकरा वर्षांत एकही दिवस चुकला नव्हता. मास्तर निवृत्त शिक्षक. दलदलीच्या काठावरच्या सरकारी खोलीत एकटेच राहत. पाण्यात रोवलेल्या मोजपट्टीवरचा आकडा वाचायचा आणि कळवायचा, एवढंच त्यांचं काम. मानधन त्यांनी पहिल्याच वर्षी नाकारलं होतं. राहायला खोली मिळाली, तेवढं पुरे म्हणाले होते.

काम साधं, पण सगळी योजना त्यावर उभी होती. दलदल ओली राहिली की तळाशी हजारो वर्षं साचलेला पालापाचोळा कुजत नाही, आणि त्यातून पृथ्वी तापवणारा वायू हवेत जात नाही. म्हणून सरकारने तिथले जुने चर मातीचे बांध घालून बुजवले आणि बांधांच्या देखभालीला दरवर्षी निधी दिला. पाणी पंचवीस सेंटीमीटरच्या वर हवं आणि नोंदीत एका दिवसाचाही खंड नको, अशी अट होती.

दीड वर्षापूर्वी तो निधी बंद झाला. पैसा कारखान्यांच्या धुराड्यांवर बसवायच्या यंत्रांकडे वळला. तसं पत्र मास्तरांना पाठवायचं काम कारकुनाचंच होतं. मसुदा त्याने त्याच दिवशी केला. पाठवला मात्र नाही.

उद्या फोनवरच सांगू, असं त्याने ठरवलं. दुसऱ्या दिवशी मास्तर म्हणाले, पाणकोंबडीला सात पिल्लं झालीत. त्यांचा आवाज इतका खुशीत होता की कारकुनाची जीभ रेटली नाही. त्या ओसाड जागी या माणसाशी बोलायला होतं कोण? दिवसाकाठी तीन मिनिटं. तीही काढून घ्यायची?

तेव्हापासून तो आकडे घेत राहिला. नोंदवही त्याने जपून ठेवली होती. ती तपासायला कुणी येत नव्हतं. त्याला दुसऱ्या विभागात हलवलं होतं आणि खिडकीजवळची जागा जाऊन जिन्याखालची मिळाली होती. सकाळचा फोन झाला की दहापर्यंत त्याला कुणाशी बोलावं लागत नसे. दहानंतरही फारसं नाही.

"काय बेडूकराव, आज पाणी किती?" टंकलेखिकेने जाता जाता विचारलं.

"एकतीस."

"मग रविवारी पोहायला न्या की आम्हाला!"

सगळे हसले आणि जेवायला खाली गेले. कारकुनाने डबा जागेवरच उघडला.

त्याच दुपारी जुन्या विभागातून त्याच्या टेबलावर एक फाइल आली. दलदलीची जमीन भाडेपट्ट्याने दिली होती. सोमवारी खोदयंत्रं जाणार होती, चर पुन्हा मोकळे करायला.

म्हणजे मास्तरांना हे सगळं खोदयंत्र चालवणाऱ्याकडून कळणार. ते मोजपट्टी वाचायला बाहेर पडतील आणि समोर यंत्र उभं असेल. कारकुनाने उरलेला डबा तसाच झाकला.

शनिवारी त्याने पहाटेची बस धरली. येतोय म्हणून कळवलं नाही. कळवलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं. सात वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला तेव्हा बस घाटात होती.

"तीस, साहेब. कसला आवाज येतोय?"

"रस्त्यावरून गाडी गेली. तुमच्याकडे कोण बोलतंय?"

"रेडिओ हो. दुसरं कोण असणार इथे!"

खरंच, दुसरं कोण असणार, असं कारकुनाला वाटलं. उरलेल्या वाटेत तो एकच वाक्य मनात फिरवत राहिला. "मास्तर, मी तुम्हाला फसवलं." पुढचं काही सुचत नव्हतं. शेवटी त्याने ठरवलं, माझ्या घरी चला म्हणायचं. एक खोली रिकामीच होती.

अकराच्या सुमारास तो पोचला. डांबरी रस्ता संपला, पायवाट लागली, आणि ती पायवाट कोरडी निघाली. बांध जागोजागी फुटले होते. काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. मोजपट्टी सापडली. तिच्या बुडाशीसुद्धा ओल नव्हती.

तीस म्हणे!

आधी त्याला राग आला. मग तो ओसरला. योजना वाचावी म्हणून म्हातारा एकटा बसून खोटे आकडे कळवत होता, आणि जी योजना वाचवत होता ती उरलीच नव्हती. आता तर सांगणं आणखी अवघड होतं.

खोलीला कुलूप होतं. कुलपाला गंज चढला होता. पलीकडच्या झोपडीपुढे एक बाई लव्हाळ्याची चटई विणत बसली होती.

"बाई, मास्तर कुठे गेलेत?"

"मास्तर? ते गेले की लेकीकडे, शहरात. दीड वर्ष झालं." तिचे हात थांबले नाहीत. "निधी बंद झाल्याचा कागद वरच्या हापिसातून परस्पर आला ना, त्याच आठवड्यात. मजेत आहेत. नातवंडं दंगा करतात, दुसऱ्याचं बोलणं ऐकू येत नाही."

कारकून पायरीवर बसला.

"पण ते रोज फोन करतात," तो म्हणाला. "सात वाजून दहा मिनिटांनी."

"हो, त्याआधी मला करतात. ऊन आहे का, ढग आहेत का, सगळं विचारून घेतात. पाणी आणि बगळे मात्र मनचेच सांगतात. मी म्हटलं, मास्तर, आता कशाला हा उद्योग? तर म्हणाले, तिकडे हापिसात एक कारकून आहे. फार एकटा आहे बिचारा. योजना संपल्याचं त्याला अजून कुणी सांगितलेलं दिसत नाही, आणि माझ्याच्याने काही सांगवत नाही."