जमिनीवरचा ठिपका

जहाजांच्या हालचालींवरून कुठल्या देशातून कुठे किती माल जातो, ते शोधणं हे माझं काम. नकाशावर एक जहाज म्हणजे एक ठिपका. ठिपका जमिनीवर दिसला की ती यंत्राची चूक. पुसायचा आणि पुढे जायचं.

सोमवारी मी असाच एक पुसला. बंदरामागच्या गोदामांवर होता. मंगळवारी तेच जहाज हायवेवर दिसलं. तेही पुसलं. बुधवारी ते माझ्या लेकीच्या, चिंगीच्या शाळेपाशी होतं.

आज दुपारी ते आम्ही राहतो त्या बिल्डिंगवर उभं होतं.

"जहाजाला पाय फुटले वाटतं," शेजारच्या टेबलावरचे सर हसले. "उडव ते आणि जेवायला चल."

मलाही हसू आलं. पुसायला गेले, तेवढ्यात ठिपका हलला आणि परत बंदराकडे निघाला. मी त्याची नोंद उघडली. जहाज पाण्यात किती खोल बसलंय, तो आकडा त्यात असतो. सोमवारपासून तो आकडा बदलला नव्हता. जहाज रिकामं होतं. आता तो किंचित वाढला होता.

आमच्या कामात याचा एकच अर्थ होतो. माल चढला.

मी घरी फोन लावला. आईने लगेच उचलला. मागे टीव्ही चालू होता.

"आई, चिंगी आली ना शाळेतून?"

"तू जेवलीस का आधी सांग."

"आई, चिंगी कुठंय?"

"कोण गं चिंगी?"