हलायचं नाही

"चांगल्या झोपता की तुम्ही," संगणकावरची नजर न काढता डॉक्टर म्हणाले.

समोर शाळेची बस चालवणारी बाई बसली होती. पंधरवडाभर मनगटावर बांधलेल्या घड्याळाने तिच्या रात्री मोजल्या होत्या आणि त्याच्या हिशेबी ती रोज ढाराढूर झोपत होती. शेजारच्या खुर्चीतल्या नवऱ्याला हायसं वाटलं. झोप लागत नाही हे काम टाळायचं सोंग आहे, असं तो पहिल्यापासून म्हणत होता. आता कामावर जायच्या दाखल्यावर डॉक्टरांची सही झाली की सोमवारी ती पुन्हा बसवर.

मागच्या महिन्यात भर वळणावर तिला डुलकी लागली होती आणि मागे बसभर पोरं गाणी म्हणत होती.

"डॉक्टर, रात्रभर माझ्या डोळ्याला डोळा लागत नाही हो. सही नका करू."

असं बऱ्याच जणांना वाटतं, डॉक्टरांनी समजूत घातली. यंत्र कशाला खोटं बोलेल?

तिने टेबलावरचं ते घड्याळ उचललं. त्याची वायर अजून संगणकाला जोडलेली होती. ते मनगटावर चढवून तिने हात मांडीवर ठेवला आणि ती म्हणाली, "आता बघा."

ती बसून राहिली. डोळे टक्क उघडे, पण बोटसुद्धा हलेना. डॉक्टरांनी दोनदा चष्मा पुसला. नवऱ्याने जांभई दिली. पडद्यावरची रेघ सपाट होत गेली आणि तिच्याखाली शब्द उमटला, झोप.

डॉक्टर चपापले. घड्याळाला फक्त हालचाल कळते, हे त्यांना ठाऊक होतं. पण जागेपणी कुणी रात्र रात्र असं निपचित पडून राहत असेल, हे कधी त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"अहो, कूस तरी बदलत असाल ना?"

"हललं की ह्यांची झोपमोड होते," ती म्हणाली. "मग..."



"पुरे झाली नाटकं." नवऱ्याने खाडकन खुर्ची मागे सारली.

तिने मान वळवली नाही, चेहराही तसाच राहिला. मांडीवरच्या मनगटाला मात्र कापरं भरलं आणि रेघ पडद्याच्या वरच्या टोकाला जाऊन भिडली.

डॉक्टर उठले. त्यांनी दार उघडून धरलं आणि नवऱ्याला बाहेर थांबायला सांगितलं. तो कुरकुरत गेला. दार लागलं.

तरी कितीतरी वेळ रेघ खाली येईना.