करडा ठिपका

डिटेक्टरची कड एका बाजूने अकरा मिलिमीटर खाली ओघळली होती. सुनेत्राने ती मोजली नव्हती. चौदा वर्षं असली उपकरणं हाताळल्यावर नजरेला मोजपट्टी लागत नाही. हे प्लास्टिक शंभर अंशांच्या थोडं वर गेलं की मऊ पडतं, म्हणजे छतापाशी काही मिनिटं तरी तेवढं तापमान होतं. दुसरी बाजू मात्र पांढरीशुभ्र होती, कालच बसवल्यासारखी.

चैतालीने तो हॉकर सेंटरमधून जेवण बांधून देतात तसल्या डब्यात घालून आणला होता, झाकण लावून.

"तुमच्या कंपनीचा आहे," ती म्हणाली. "परत द्यायचा असतो का, ते माहीत नव्हतं."

"अहो, कशाला एवढी तसदी घेतलीत? बसा ना." सिंगापूरमधल्या टॅम्पिनीसच्या या केंद्राचा अभय प्रमुख होता. तिच्यासाठी तो स्वतः खाली जाऊन कॉफी घेऊन आला होता. कॉफीवर साय धरली होती.

घराघरांतले आगीचे डिटेक्टर या केंद्राला जोडलेले होते. महिन्याला बारा डॉलर भरणाऱ्याचा ठिपका पडद्यावर हिरवा असे. तो लाल झाला की इथला माणूस आधी अग्निशमन दलाला फोन करी, मग त्या घरी. बारा डॉलर ऐच्छिक होते. न भरणाऱ्याचा डिटेक्टर घरातल्या घरात कोकलत राही. त्याचे तापमानाचे आकडे केंद्रात येत, पण ठिपका करडा असे, आणि फोन करणाऱ्यांच्या पडद्यावर तो उमटतच नसे. करडे ठिपके फक्त सुनेत्राच्या पडद्यावर होते. डिटेक्टर जुने होताना कसे चुकू लागतात, हे तपासणं तिचं काम होतं. करड्यांना दुरुस्तीवाल्याचा हात कधी लागत नसे, त्यामुळे त्यांच्यासारखी निर्भेळ नोंद दुसरी नव्हती. "काय म्हणतायत तुझे फुकटे?" अभय जाता-येता विचारायचा. चार महिन्यांपूर्वी बेडोकच्या एका घरात आगीत माणूस गेला, तेव्हापासून विचारत नव्हता.

"बाबांना ऐकू यायचं नाही," चैताली सांगत होती. वेळापत्रक वाचावं तसं. "छत्तीस वर्षं बोटीच्या इंजिनरूममध्ये काढलेली. दुपारचे झोपले होते. मी ऑफिसात. वरच्या मजल्यावरच्या आजींना डिटेक्टर ऐकू आला होता. त्यांना वाटलं, कुणाचं तरी तेल करपलं. बेडोकला रोज कुणाचं ना कुणाचं करपतंच."

अभयने मान हलवली.

"गेल्या मार्चमध्ये मी ते बारा डॉलर बंद केले. बाबाच मागे लागले होते. म्हणाले, 'मनोहर चीफला आगीचं शिकवताय होय? बोटीवर ज्याला आग दिसते त्याने आधी ओरडायचं. केबिन कुणाची, ते नंतर. ओरडायचे कसले पैसे घेतात लेकाचे?'" सांगताना तिचे ओठ हसण्याच्या बेतात आले आणि तिथेच थांबले. "मला एकच विचारायचं होतं. मी भरत राहिले असते, तर तुम्ही फोन केला असता ना?"

"नियमाने... हो." अभय टेबलाकडे बघत होता. "पण असं बघा, सगळ्यांनाच फोन केले तर भरणारे कशाला भरतील? मग हे केंद्रच बंद पडेल, आणि जे भरतात त्यांनाही..." तो थांबला. माणूस वाईट नव्हता. डब्यातल्या त्या ओघळलेल्या कडेकडे त्याला बघवत नव्हतं. "करडा ठिपका कुणी बघत नाही. त्या दिवशी कुणाला काही कळलंच नाही. यात कुणाची चूक नाही, चैताली."

"माझी आहे," ती म्हणाली. रक्तगट सांगावा इतक्या साध्या आवाजात.

सुनेत्राला स्वतःच्या बोटांची जाणीव नव्हती. बोटं मांडीवर होती, एवढं दिसत होतं. रोज सकाळी एमआरटीच्या मेट्रोतून उतरताना तिचं ठरत असे: आज बोलायचं. लिफ्टचं दार उघडेपर्यंत ते उद्यावर जात असे. या देशात राहायचा तिचा पास पुढच्या महिन्यात रिन्यू व्हायचा होता, आणि तो या नोकरीवर होता. लेकीची, जाईची शाळा त्या पासवर होती. कारणं सगळी खरी होती. ती एकावर एक ठेवली की काहीच जाणवत नसे. चार महिने तिला काहीच जाणवलं नव्हतं.

"निघते मी," चैताली म्हणाली. तिने डब्याचं झाकण उचललं, एक कोपरा दाबला, मग दुसरा. तिसरा बसेना. "हा इथेच ठेवू का नेऊ?"

अभयने सुनेत्राकडे पाहिलं. उपकरणांचं तीच बघायची.

सुनेत्राने हात पुढे करून तिसरा कोपरा दाबला. हात तिथेच राहिला.

"बसा," ती म्हणाली. "तुमची नाही चूक. मी बघत होते."

"सुनेत्रा," अभय म्हणाला.

"पावणेतीनपासून, नऊ मिनिटं. आधी वाटलं, डिटेक्टर म्हातारा झालाय. मग रेषा आलेखात मावेना, तेव्हा मी आलेखाची उंची वाढवली. त्या वेळी मला कळलं होतं, चैताली. आग मला दिसली होती. मी ओरडले नाही."