हिरवी बाटली

सिमियन मकोर्टॉफनं तळघरातल्या चौथ्या झाडाला पुन्हा हिरव्या बाटलीतलं खत घातलं. पुरं माप, शेवटचा थेंबसुद्धा निथळून. लाल बाटलीला त्या झाडापुरता त्यानं हातच लावला नाही.

गांजाचं झाड फुलावर आलं की पानं वाढवणारं खत आवरतं घ्यायचं असतं. दिवे दिवसाला बारा तासांवर आणल्यावर पहिले दोन आठवडे चालून जातं. तिसऱ्यापासून हिरवी बाटली निम्म्यावर आणायची आणि फुलांची लाल बाटली वाढवायची. म्हातारा सिमियन हे झोपेतसुद्धा सांगेल. इथल्या कायद्यानं घरटी चार झाडं लावता येतात. त्यातली तीन कळ्यांनी गच्च भरली होती, बघत राहावं अशी. चौथ्याची पानं मात्र काळपट हिरवी झाली होती, टोकं नखांसारखी खाली वळली होती, आणि कळी धरायचं नाव नव्हतं.

हे त्यानं मुद्दाम केलं होतं. वेडाच म्हणायचा! पण करणार काय? लेक ल्युबा सहा वर्षांपूर्वी भांडून गेली ती गेलीच. गावातल्याच बागसामानाच्या दुकानात ती कामाला होती. हा दुकानात गेला की ती आत निघून जायची. फोनवर घरचं काही काढलं की फोन ठेवायची. झाडाचं विचारलं तर मात्र सांगायची, कुठल्याही गिऱ्हाइकाला सांगावं तसं, अहो-जाहो करून. दर गुरुवारी दहा वाजता, दुकान उघडल्या उघडल्या पाच मिनिटं. त्या पाच मिनिटांवर म्हाताऱ्याचा आठवडा निघायचा. आणि खोटं बोलणं काही त्याला जमायचं नाही, त्यामुळे दर खेपेला एक झाड खरंच बिघडवावं लागायचं.

दहा वाजले. त्यानं घसा साफ करून फोन लावला.

"बोला, काय अडलंय?" आवाज बाईचा होता, पण ल्युबाचा नव्हता.

"ल्युबा नाही का?"

"ती गेली हो! हॅलिफॅक्सला, देशाच्या पार त्या टोकाला. शनिवारीच बिऱ्हाड हललं. मी डोरीन, नवीन आहे. तुम्हाला बोलली नाही वाटतं? बरोबर आहे म्हणा, गिऱ्हाइकांना कशाला सांगत बसेल."

"नाही बोलली," सिमियन म्हणाला.

मागच्या गुरुवारी ती दोन मिनिटं जास्त बोलली होती. त्याला वाटलं होतं, दुकानात गर्दी नसेल. जवळची बादली पालथी घालून तो तिच्यावर बसला. वर चुलीवर बोर्श्ट, बिटाचं सूप, उकळत होतं, एका माणसापुरतं.

"आहात ना? नाव काय म्हणालात?"

"मकोर्टॉफ."

"अगंबाई! म्हणजे ते तुम्हीच! अहो, तुमच्या नावाची चिठ्ठी चिकटवून गेलीये ती इथे फोनजवळ. थांबा हं, चष्मा घालते." कागदाचा आवाज आला. "'दर गुरुवारी दहाला मकोर्टॉफ नावाच्या गृहस्थांचा फोन येईल. त्यांना आपल्या दुकानातल्या सगळ्यांपेक्षा जास्त कळतं. तरी सगळं नीट सांगायचं. घाई करायची नाही.' बघा, कौतुकच आहे की तुमचं! कोण लागता तिचे?"

सिमियननं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"अजून एक ओळ आहे. 'शेवटी गुडघे कसे आहेत ते विचारायचं.' बरं, ते शेवटी. आधी झाड. काय झालंय झाडाला?"

त्यानं सगळं सांगितलं. पानांचा रंग, वळलेली टोकं, हिरव्या बाटलीचं पुरं माप.

"तिसऱ्या आठवड्यात पुरं माप? काय हो तुम्ही पण!" डोरीननं ल्युबानं मागे ठेवलेली वही काढली आणि वाचायला लागली. साध्या पाण्यानं कुंडी धुऊन काढा. चार दिवस काही घालू नका. मग लाल बाटली, आधी पाव मापानं. हिरवी जरा जरा, पानं उजळली तरच. बाई शब्दाशब्दाला अडखळत होती, पण घाई करत नव्हती. हे सगळं त्यानंच एके काळी परसातल्या टोमॅटोवर ल्युबाला शिकवलं होतं. वाक्यंसुद्धा त्याचीच होती. तो प्रत्येक वाक्याला "हं" म्हणत राहिला.

"राहील ना लक्षात?"

"राहील."

"छान. आणि काय ते... हां. गुडघे कसे आहेत?"

सिमियननं गुडघ्यावर हात ठेवला. सहा वर्षांत हे त्याला कुणी विचारलं नव्हतं.

"दुखतात," तो म्हणाला. "तिला सांगा, फार दुखतात."